प्रत माहितीसाठी सविनय सादर

हायकोर्टाच्या न्यायमूर्तींविरुद्धचा तक्रार अर्ज हातात आला की मी पहिलं पान वाचत नाही, थेट शेवटच्या पानावर जातो. तिथे 'प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी सविनय सादर' असं लिहिलेलं असतं आणि खाली यादी. मा. राष्ट्रपती, मा. पंतप्रधान, मा. सरन्यायाधीश, केंद्रीय कायदामंत्री, सीबीआयचे संचालक, मानवाधिकार आयोग, बार कौन्सिल आणि सर्वांत खाली 'सर्व दैनिकांचे मा. संपादक'. यादी जितकी लांब, पुरावा तितका आखूड, असा माझा अनुभव आहे. ज्याच्याकडे खरोखर काही असतं तो एकाच दारात जातो, पोच घेतो आणि गप्प बसतो.

मजकूरही ठरलेला असतो. 'सदर न्यायमूर्तींनी विरुद्ध पक्षाशी संगनमत करून, हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने' इथून सुरुवात. मधे निकालातल्या चार-दोन ओळी ठळक अक्षरांत. मग 'खात्रीलायक सूत्रांकडून समजते की'. आणि पुराव्याचा विषय आला की 'योग्य वेळी योग्य त्या प्राधिकरणासमोर सादर करण्यात येईल'. ती योग्य वेळ उजाडलेली मी अजून पाहिलेली नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात माझी वकिली चालते. फेरफार, वाटणीचे दावे, धुऱ्याची भांडणं, चेक बाऊन्स, पोटगी. हायकोर्टाचे न्यायमूर्ती आम्हाला दिसतात ते पाहणीला येतात तेव्हा. बाररूमच्या भिंतींना चुना लागतो, वर्षभर अडकलेला पंखा फिरायला लागतो, आणि एरवी बिनकोटाचे बसणारे आमचे ज्येष्ठ बंधू काळ्या कोटात घामाघूम होऊन ओळीत उभे राहतात. साहेब येतात, रेकॉर्ड रूम बघतात, चहा घेतात, जातात. गावच्या माणसाला तर तेवढंही दर्शन नाही. त्याच्यासाठी हायकोर्ट म्हणजे नागपूरहून आलेली इंग्रजीतली नक्कल आणि ती हातात देताना वकिलाने केलेला चेहरा.

त्या चेहऱ्यावर सगळं असतं. निकाल काय लागला हे पक्षकार नकलेत वाचत नाही, वकिलाच्या तोंडावर वाचतो. आणि हरलेला वकील त्या क्षणी जे वाक्य बोलतो, ते गावात वर्षानुवर्षं फिरतं.

मागे कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत एक काका माझ्याकडे आले. त्यांची जमीन एका सिंचन प्रकल्पात गेलेली. आमच्याकडे असं घर सापडणं अवघड नाही. भूसंपादन अधिकाऱ्याने दिलेला मोबदला कमी, म्हणून जुन्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी रेफरन्स, म्हणजे प्रकरण कोर्टाकडे. तिथे भाव चांगला वाढून मिळाला. मग सिंचन महामंडळाचं अपील हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात. अपील चालू असताना कोर्टात जमा झालेल्या रकमेतला काही भाग काकांनी जामीन देऊन उचलला. त्यातून मुलीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला. आणि आता, इतक्या वर्षांनी, हायकोर्टाने भाव खाली आणला. म्हणजे उचललेल्या पैशातला काही परत करायची पाळी. हातातून गेलेला पैसा परत कर म्हटल्यावर माणसाचं काय होतं ते कापसाच्या गाडीमागे उधारी चुकवत फिरलेल्या माणसालाच कळेल.

काकांनी पिशवीतून कागद काढले. तक्रार अर्ज टाइप करून तयार होता. खंडपीठातल्या एका विद्यमान न्यायमूर्तींनी पैसे घेऊन निकाल दिला, असा सरळ आरोप. खाली काकांचा अंगठा नव्हे, सही होती, कारण काका सातवी शिकलेले. शेजारी 'अर्जदारातर्फे वकील' असं लिहून जागा मोकळी.

"वकीलसाहेब, तुम्ही फक्त सही मारा. बाकी सारं लिहून आणलं हाय."

"लिहिलं कोणी?"

"नागपूरच्या वकिलानंच सांगतलं. म्हणे जजले तिकडून पोचले. पण त्याची सही नको म्हणे, त्याले रोज तिथंच उभं राहा लागते."

हे शेवटचं वाक्य काकांनी अगदी सहज सांगितलं. त्यांना त्यात वावगं काहीच दिसलं नव्हतं. मला मात्र तेवढ्यात सगळं प्रकरण कळलं. आरोप नागपूरच्या वकिलाचा, कागद पक्षकाराचा, आणि सही तालुक्याच्या वकिलाची.

मी निकालाची नक्कल मागितली. ती पिशवीत होती, पिन न काढलेली. ज्या निकालावर आठ पानांची तक्रार झाली होती तो निकाल कोणी उघडूनही पाहिला नव्हता. आम्ही दोघं दुपारभर ती वाचत बसलो. मी एकेक परिच्छेद वाचायचो आणि आपल्या भाषेत सांगायचो. न्यायमूर्तींनी म्हटलं होतं ते असं: रेफरन्स कोर्टाने ज्या खरेदीखतावरून भाव धरला ते डांबरी रस्त्याला लागून असलेल्या, अकृषक झालेल्या काही गुंठ्यांच्या तुकड्याचं होतं. तुकड्याचा भाव एकरांच्या शेतीला जसाच्या तसा लावता येत नाही. म्हणून त्यांनी त्याच शिवारातलं दुसरं, शेतजमिनीचं खरेदीखत धरलं. विहिरीचे पैसे कायम ठेवले. संत्र्याच्या झाडांचे मात्र कापले, कारण संपादनाच्या आधीच्या वर्षांच्या सातबाऱ्यावर पीकपेऱ्यात संत्रा कुठेच नव्हता.

"संत्रा होता ना पण! तुमी खाल्ला हाय माह्या वावरातला."

होता. मी खाल्लाही होता. तलाठ्याने पीकपेरा घरी बसून भरला आणि बागेच्या जागी वर्षानुवर्षं तूर लिहिली, हे आमच्याकडे नवीन नाही. पण ते नागपूरला बसलेल्या न्यायमूर्तींना कोणी दाखवायचं? पंचनामा होता, तो रेफरन्समध्ये सिद्ध करून घ्यायला हवा होता. जाब विचारायचाच तर कोर्टात यायच्या आधीच्या तीन-चार टेबलांना विचारता आला असता. त्यातलं एकही टेबल तक्रारीत नव्हतं.

जज विकला गेला, हे हरलेल्या खटल्याचं सगळ्यांत स्वस्त स्पष्टीकरण आहे. त्यात वकिलाची तयारी कमी पडली असं निघत नाही, पक्षकाराची बाजू लंगडी होती असंही निघत नाही. दोघांची इज्जत राहते. गावात तर हरलेला माणूस उलट थोडा मोठा होतो, त्याला हरवायला म्हणे पेट्या पोचवाव्या लागल्या. हे बोलणं पारावर आणि पानठेल्यावर चालतं, चालत राहील. त्याची न्यायमूर्तींनीही फार फिकीर करू नये. पण त्याच बोलण्याखाली वकील सही करतो, शिक्का मारतो, सनदेचा नंबर टाकतो, तेव्हा ती पारावरची गोष्ट राहत नाही. गावातला माणूस मजकूर वाचत नाही, तो शिक्का बघतो. वकिलाने सही केली म्हणजे काहीतरी असेलच.

वकिलाच्या सहीचा हा हिशोब फार पूर्वी मांडला गेलाय, आणि तो आपल्या नागपुरातच. नागपूरचं हायकोर्ट तेव्हा स्वतंत्र होतं, १९३६ पासून १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत. तिथल्या दोन वकिलांनी आपल्या पक्षकाराचं प्रकरण एका पीठाकडून दुसऱ्या पीठाकडे द्यावं असा अर्ज सही करून दाखल केला. अर्जात न्यायमूर्तींच्या हेतूवर शिंतोडे होते. अवमानाची कारवाई झाली, दंड झाला, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठापर्यंत गेलं. एम. वाय. शरीफ विरुद्ध नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती, ए.आय.आर. १९५५, सुप्रीम कोर्ट, पान १९. जुन्या वकिलांच्या कपाटात निकालांचे ते लाल-तपकिरी पुठ्ठ्याचे खंड असतात. आमच्या बाररूममध्ये हा खंड आहे, वाळवीने वरचा कोपरा खाल्लाय, पण पान १९ शाबूत आहे.

त्या निकालात नागपूरच्या वकीलवर्गाबद्दल स्पष्ट लिहिलंय. बारमधल्या काही जणांचा असा समज झालाय की पक्षकाराने सांगितलं ते लिहून सही करणं एवढंच आपलं काम. कोर्टाशी असलेलं कर्तव्य आणि पक्षकाराशी असलेलं कर्तव्य यांत टक्कर आली तर पक्षकार जिंकतो. हा समज मुळासकट काढायला हवा, असं घटनापीठाने म्हटलं. न्यायमूर्तींवर आरोप असलेल्या कागदावर सही करण्याआधी वकिलाने आपल्यापुरती खातरजमा करायला हवी की सकृद्दर्शनी काही आधार आहे. आधार नसताना सही केली तर अवमान पक्षकाराचा आणि वकिलाचाही. आणखी एक गोष्ट त्यात आहे, जी मला फार आवडते: माफी आणि समर्थन एकाच वेळी चालत नाही. एका हाताने 'चुकलं' म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने 'पण आमचं खरंच होतं' म्हणायचं, याला माफी म्हणत नाहीत. शेवटी त्या दोघा वकिलांनी बिनशर्त माफी मागितली, ती मान्य झाली आणि दंड रद्द झाला.

हे वाचून वाटावं की जुन्या जमान्यातली गोष्ट. पण २०२५ च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने नेमका हाच निकाल पुन्हा बाहेर काढला. तेलंगणा हायकोर्टाच्या एका विद्यमान न्यायमूर्तींनी एक प्रकरण रद्द केलं, तर विरुद्ध पक्षाने थेट सुप्रीम कोर्टात बदलीचा अर्ज करून त्यांच्यावर पक्षपाताचे आरोप केले. अर्जावर वकिलांच्या सह्या. पीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आमच्या शेजारच्या अमरावतीचे, नागपूर खंडपीठात वकिली केलेले. त्यांनी पक्षकाराबरोबर सही करणाऱ्या वकिलांनाही अवमानाची नोटीस काढली. पुढे ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माफी आमच्याकडे नका मागू, ज्यांच्यावर आरोप केले त्या न्यायमूर्तींसमोर जाऊन मागा. हायकोर्टाचे न्यायमूर्ती सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींपेक्षा कमी नाहीत, हेही सुनावलं. माफी मागितली गेली, न्यायमूर्तींनी स्वीकारली. मला यात दंडापेक्षा ही तऱ्हा जास्त पटली. ज्याच्या दारावर चिखल फेकला त्याच्याच दारात जायचं.

त्याआधी २०२० मध्ये तर थेट तुरुंगवासाची शिक्षा झाली होती. सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींविरुद्ध राष्ट्रपती आणि सरन्यायाधीशांना आरोपांची पत्रं पाठवणाऱ्या तिघांना तीन-तीन महिने साधी कैद. आणि गंमत म्हणजे हा रोग फक्त काळ्या कोटापुरता नाही. २०१७ मध्ये कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती सी. एस. कर्णन यांनी पदावर असतानाच, पुरावा न देता, वीस आजी-माजी न्यायमूर्तींना भ्रष्ट ठरवणारी यादी पंतप्रधानांना पाठवली होती. सात न्यायमूर्तींच्या पीठाने त्यांना सहा महिन्यांची कैद सुनावली.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की वकीलसाहेब न्यायमूर्तींची वकिली करायला लागले. तसं नाही. जज पण माणूसच, हे वाक्य आमच्या बाररूममध्ये दिवसातून दोनदा तरी ऐकू येतं आणि ते खरं आहे. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांना पदावरून हटवण्याचा प्रस्ताव २०११ मध्ये राज्यसभेने मंजूर केला, लोकसभेत जायच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. २०२५ च्या मार्चमध्ये दिल्लीत एका न्यायमूर्तींच्या बंगल्याच्या आवारात आग लागली आणि जळालेल्या नोटांची चर्चा देशभर झाली. तीन न्यायमूर्तींच्या अंतर्गत समितीने त्यांच्याविरुद्ध अहवाल दिला. तेव्हा आमच्या गावच्या चहाच्या टपरीवर सगळे माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू मीच आग विझवायला गेलो होतो. काका तर म्हणालेच, "पाहा, आमी म्हणत होतो का नाई?"

म्हणत होते. पण दिल्लीत नोटा निघाल्या म्हणून नागपूरचा निकाल विकत घेतलेला ठरत नाही, एवढं समजावताना माझा चहा थंड झाला.

तक्रार करायला वकिलाला मनाई नाहीच. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत उलट असं लिहिलंय की न्यायिक अधिकाऱ्याविरुद्ध गंभीर तक्रारीला योग्य कारण असेल तर ती योग्य अधिकाऱ्याकडे मांडणं हा वकिलाचा हक्क आहे आणि कर्तव्यही. अवमान कायद्याच्या कलम ६ मध्ये खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाविरुद्ध सद्भावनेने हायकोर्टाकडे केलेल्या तक्रारीला स्पष्ट संरक्षण आहे. म्हणजे आमच्या तालुक्याच्या जजविरुद्ध मी नागपूरला लिहिलं आणि मनात खोट नसली तर तो अवमान नाही. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींबाबत मात्र असं कलम कायद्यात लिहिलेलं नाही. तिथे रस्ता आहे तो सुप्रीम कोर्टाने स्वतः घातलेला, १५ डिसेंबर १९९९ ला स्वीकारलेला अंतर्गत कार्यपद्धतीचा.

तो रस्ता निघाला मुंबईच्याच एका प्रकरणातून. १९९५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्याविरुद्ध त्यांच्या पुस्तकाच्या परदेशी मानधनावरून वकील संघटनांनी ठराव करून राजीनामा मागितला. त्यांनी राजीनामा दिला. पण सुप्रीम कोर्टाने त्यानंतर सांगितलं की बारने ठरावांचा दबाव आणून न्यायमूर्तींना घालवणं ही पद्धत नव्हे. माहिती असेल तर ती हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे न्या, मुख्य न्यायमूर्तींबद्दलच असेल तर सरन्यायाधीशांकडे. एकच दार, आणि तेही ढोल न वाजवता.

त्या कार्यपद्धतीत काय होतं ते पक्षकाराला माहीत असणं बरं. तक्रार मुख्य न्यायमूर्तींकडे गेली की ते आधी पाहतात. उथळ असेल, किंवा निकालाच्या गुणदोषांवरच असेल, तर फाइल बंद. म्हणजे 'भाव कमी का धरला' ही तक्रार तिथे पहिल्याच टेबलावर संपते, आणि संपायलाच हवी, कारण त्यासाठी अपील आहे. गंभीर वाटली तर न्यायमूर्तींकडून खुलासा मागतात. खोलात जायची गरज वाटली तर प्रकरण सरन्यायाधीशांकडे, आणि मग तीन जणांची समिती: इतर हायकोर्टांचे दोन मुख्य न्यायमूर्ती आणि एक न्यायमूर्ती. आरोपात तथ्य निघालं तर राजीनाम्याचा सल्ला, नाही ऐकलं तर काम काढून घेणं आणि राष्ट्रपती, पंतप्रधानांना कळवणं. त्यापुढे संसद, जिथे पदावरून हटवण्याच्या प्रस्तावावरच लोकसभेच्या शंभर किंवा राज्यसभेच्या पन्नास सदस्यांच्या सह्या लागतात. २०२५ च्या जानेवारीत लोकपालांनी आपल्यालाही हायकोर्टाच्या न्यायमूर्तींविरुद्धच्या तक्रारी पाहता येतील असं म्हटलं होतं, फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली.

आता माझी खरी कुरकुर. या सगळ्यात तक्रारदाराला कधी, कोण, काय कळवतं? फाइल बंद झाली तर ती बंद झाली एवढंही सहसा बाहेर येत नाही. न्यायमूर्तींचं नाव खराब होऊ नये म्हणून हा पडदा आहे, त्यामागचं कारण मला समजतं. पण निराधार तक्रार करणाऱ्याला हाच पडदा सगळ्यांत सोयीचा पडतो. त्याच्या अर्जाला उत्तर आलं नाही की तो बाररूममध्ये सांगत फिरतो, "दाबलं". आणि ज्याने खरंच कागद जोडून, तारखा देऊन, प्रतिज्ञापत्रावर तक्रार केली त्यालाही उत्तर नाही, म्हणून तोही म्हणतो, "दाबलं". दोघं एकाच रांगेत. ज्यांच्यावर आरोप झाला त्या न्यायमूर्तींना तर बोलायचीही सोय नाही. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सर्व न्यायमूर्तींनी मिळून न्यायिक जीवनाची मूल्यं म्हणून जो ठराव केला, त्यात न्यायमूर्तीने आपल्या निकालालाच बोलू द्यावं, माध्यमांना मुलाखती देऊ नयेत, असं आहे. निकाल बोलतो खरा, पण इंग्रजीत, आणि पिशवीत पिन न काढलेला पडून असतो.

तीन ओळींचं पत्र पुरे होईल. तुमची तक्रार पाहिली, ती निकालाच्या गुणदोषांवर आहे, फाइल बंद केली. नाव नको, तपशील नको. खोट्याची हवा तिथेच निघेल.

खालच्या कोर्टांबाबत २०१४ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीशांनी सगळ्या हायकोर्टांना कळवलं होतं की शपथेवरचं प्रतिज्ञापत्र आणि पडताळता येईल असा मजकूर सोबत असल्याशिवाय न्यायिक अधिकाऱ्याविरुद्धच्या तक्रारीवर कारवाई करू नये. आमच्या लहान कोर्टांत त्याचा फरक जाणवला. त्याआधी नवीन आलेल्या, सत्तावीस-अठ्ठावीस वयाच्या न्यायाधीश मुलीविरुद्धसुद्धा निनावी अर्ज जायचे. का, तर तिने स्थगिती दिली नाही, तारीख वाढवून दिली नाही, कोणाला तरी उभ्या कोर्टात 'तयारी करून या' म्हटलं. अशा अर्जांचा परिणाम निकालात दिसायचा नाही, वागण्यात दिसायचा. मुलगी गप्प व्हायची. वकिलांना प्रश्न विचारणं बंद, समजूत घालणं बंद, अर्ज आला की 'से (म्हणणं) फाइल करा' आणि पुढची तारीख. जामिनाच्या अर्जात जिथे थोडं धाडस लागतं तिथे हात आखडता. याची किंमत कोणी दिली? बंदीखान्यात आणखी पंधरवडा बसलेल्या पारध्याच्या पोराने दिली. हायकोर्टाचे न्यायमूर्ती घटनेच्या संरक्षणात असतात, ते इतक्या लवकर बिचकत नसतील. पण अर्ज करणाऱ्याचा हेतू तोच असतो: समोरच्याने एकदा तरी मागे वळून पाहावं. किंवा नुसतं 'माझ्यासमोर नको' म्हणून प्रकरण सोडून द्यावं, म्हणजे दुसरं पीठ मिळेल.

काकांना मी सही दिली नाही. त्यांना राग आला, तो त्यांनी लपवलाही नाही. "तुमी पण त्यायच्यातलेच," म्हणाले. मी म्हटलं, काका, हायकोर्टाच्या निकालावर सुप्रीम कोर्टात जायला नव्वद दिवस असतात. तक्रारीच्या कागदांमागे फिरण्यात त्यातले किती गेले ते मोजा. त्यांनी नकलेवरची तारीख पाहिली, बोटांवर मोजलं, आणि मग पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर न्यायमूर्तींबद्दलचा नव्हे तर नागपूरच्या वकिलाबद्दलचा राग दिसला. नव्वदातले बहुतेक दिवस संपले होते. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. संत्र्याच्या पंचनाम्याचा मुद्दा नीट मांडून, उशीर माफीच्या अर्जासह, दिल्लीच्या विधी सेवा समितीमार्फत प्रकरण दाखल करायची खटपट मग आम्ही सुरू केली. काय होईल ते होईल. पण निकालावरचं भांडण निकालाच्या रस्त्याने चाललंय एवढं तरी झालं.

तो आठ पानी अर्ज दुसऱ्या कोणाच्या सहीने गेला का, मी विचारलं नाही.

माझ्याकडे ज्युनियर म्हणून एक मुलगी येते, आर्णीकडची, हुशार आणि तापट. तिला माझं हे सगळं भित्रेपणाचं वाटतं. "सर, तुम्ही लोक अवमानाला घाबरता," ती तोंडावर म्हणते, आणि ते पूर्ण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. सहा महिने कैद कोणाला हवी आहे? तिच्याकडे आमच्या जुन्या एका पक्षकाराची फाइल आहे. नागपूरला युक्तिवाद संपले, निकाल राखून ठेवला, आणि त्याला सहा महिने उलटून गेले. तिचा पारा चढला होता. विरुद्ध पक्ष मोठा, म्हणून मुद्दाम लांबवताहेत, असं तिचं म्हणणं. तक्रार करू या, राष्ट्रपतींपर्यंत जाऊ या.

मी तिला २००१ चा अनिल राय विरुद्ध बिहार राज्य हा निकाल काढून दिला. राखून ठेवलेला निकाल तीन महिन्यांत आला नाही तर पक्षकार लवकर निकालासाठी अर्ज करू शकतो. सहा महिन्यांत आला नाही तर प्रकरण दुसऱ्या पीठाकडे द्यावं म्हणून मुख्य न्यायमूर्तींकडे अर्ज करू शकतो. कोणाच्या हेतूबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. युक्तिवाद संपल्याची तारीख, राखून ठेवल्याची तारीख, आजची तारीख आणि विनंती. बस.

तिने मसुदा केला. अर्धं पान झालं. तिने तो दोनदा वाचला, यादीत एकच नाव होतं, आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "सर, यात काही मजाच नाही."

खरंच नव्हती. मी म्हटलं, शुक्रवारच्या आत पाठव, आणि पोच जपून ठेव.